प्लास्टिकवरचा हिरवा

रंगाचा थेंबही न वापरता रंग काढायचा, हा अशरफ परकारांचा धंदा. माणूस हर्णैचा, पण सव्वीस वर्षं कुवेतमध्ये, त्यातली नऊ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. डोळ्यांना न दिसणारे, एका मापाचे प्लास्टिकचे गोळे पाण्यात कालवायचे, त्या दुधाळ पाण्यात काच उभी करायची आणि वाट बघायची. पाणी उडत जातं तसे गोळे आपणहून काचेवर रांगा धरतात, आणि त्या रांगांतूनच हिरवा, निळा, लाल झळकतो. मध्येच कुणी टेबलाला धक्का दिला, की रांगा मोडल्या आणि तीन दिवस फुकट.

काचेवर हे काम ते डोळे मिटून करत. पण या खेपेला प्राध्यापिका मुनिराबाईंना रंग हवा होता वाकणाऱ्या प्लास्टिकवर, आणि प्लास्टिकवर पाणी ठरेल तर शपथ! नऊ तुकडे वाया गेले. दहावा साधला तर अशरफमियांचा करार दोन वर्षांनी वाढणार. नाही तर गाशा गुंडाळायचा.

खरं सांगायचं तर त्यांना गाशाच गुंडाळायचा होता. गुडघे बोलायला लागले होते. अबू हलीफातल्या खोलीचा, त्या खाटेचा वीट आला होता. पण लेक अदिबा अजून शिकत होती, आणि बायकोने, सुगराबीने, फोनवर बजावलं होतं, "अदिबाचा शिकणा होऊ दे, मंगे या. दोन वर्सां काय, अशी जातील."

म्हणणाऱ्याचं काय जातं!

दहावा तुकडा पाण्यात उभा केल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर धुळीचं वादळ उठलं. प्रयोगशाळेत ते एकटेच. पाणी बोटभर उरलेलं, वर हिरवी पट्टी धरलेली. अशरफमियांच्या मनात पाप आलं. म्हाताऱ्याचा गुडघा टेबलाला लागला, तर कोण जाब विचारणार? ते टेबलाला खेटून उभे राहिले. तेवढ्यात धुळीने खोकल्याची उबळ आली. आयतीच संधी! आणि या बाबाने काय करावं? तोंडावर रुमाल दाबला, चवड्यांवर चालत बाहेर आला, दार अलगद लोटलं आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पोटभर खोकला. हाताला लागलेली सवय मेली जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुनिराबाईंनी तुकडा वाकवून पाहिला. हिरवा वळणावर निळा होत गेला. "मबरूक, अशरफ!" असं अभिनंदन करत त्यांनी सगळ्यांना बोलावलं, आणि असेच आणखी वीस करायला सांगितले.

अशरफमियांनी घरी फोन लावला. "जमला गो. ऱ्हायलो दोन वर्सां."



"मना वाटलेला, नाय जमायचा," सुगराबी म्हणाली आणि रडायला लागली. ते रडणं आनंदाचं नव्हतं, एवढं अशरफमियांना इतक्या लांबूनही कळलं.