शेकाची पिशवी

दाराआडच्या खिळ्याला शेकायची रबरी पिशवी उलटी टांगली आहे. सकाळपासून मी तिच्याकडे बघते आहे.

आमच्याकडे कुणाचं काही दुखलं, की आधी शेक. यांच्या पाठीला डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या औषधाची पट्टी चिकटवायला दिली, तरी मी तिच्यावरून शेक देतच राहिले. एका दुपारी हे झोपले ते उठेनात, श्वास अगदी मंद. इस्पितळात म्हणाले, "औषध जास्त झालं." पट्टी तर एकच होती. घरी आलो, पुन्हा पट्टी, पुन्हा शेक, आणि पुन्हा तेच इस्पितळ. तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पट्टीवर शेक देता का? उष्णतेनं औषध भराभर अंगात जातं."

एवढं वाक्य पहिल्या वेळी कुणाला सांगता येऊ नये? पण परक्यांचं सोडा हो. जिच्या भरवशावर घरातली बाळंतपणं काढली, त्या उबेनंही फसवावं?

"अगं, नुसता हात तरी ठेव," आत्ता हे म्हणाले. "की त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते?"

मी हसले. मग मोरीत जाऊन तळहात गार पाण्याखाली धरला, आणि मगच त्यांच्या पाठीवर ठेवला.