कॉम्प्युटरचा पोळा

मानोऱ्याच्या मुकेशभाऊकडे फोटो स्टुडिओ होता, नाकावर राग होता, फक्त बैल नव्हते. म्हणून पोळ्याला त्याने कॉम्प्युटरलाच ओवाळलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि झुलीच्या जागी भंगारातल्या एका कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी काढून याच्या पोटात बसवली.

दुसऱ्या दिवसापासून हार्ड डिस्कवर उतरवलेला प्रत्येक फोटो नासू लागला. लग्नातला नवरदेव नाकापर्यंत नवरदेव आणि त्याखाली पोळ्याच्या फोटोतला बैल! मुकेशभाऊने डिस्क बदलली, तर नवीही तेच करू लागली. केबल बदलली, तरी बैल हटेना. मग डिस्क विकणाऱ्याला फोनवर असा झापला, की त्या बिचाऱ्याने फोनच बंद करून टाकला.

"पोळा सरला का बैलाची झूल आपन उतरवतो," बायको उज्ज्वला म्हणाली, "याची काहून ठेवली?"

"सणाचं देल्लं कोनी वापस घेते का?" तो खेकसला. पण तिची पाठ वळताच त्याने गुपचूप पट्टी काढली, कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो पुन्हा उतरवले आणि नवरदेव हनुवटीसकट आला! कॉम्प्युटरची मूळ पट्टी आणि ही भंगारातली पट्टी यांचं जमतच नव्हतं. दोघींच्या ओढाताणीत फोटो सांडत होते.

संध्याकाळी नवरदेवाची सासू रुख्मिणीबाई अल्बमसाठी आली. मुकेशभाऊने ऐटीत नासलेला आणि सुधारलेला, दोन्ही फोटो दाखवले.

रुख्मिणीबाईने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि बैलावर बोट ठेवलं.

"हाच मोठा करून दे, बाप्पा. जेवतानी आमचे जवाई असेच दिसतेत."