कडूबाचं विरजण

कडूबा आपल्या बायकोला थोडंथोडं विष चारतो, अशी बातमी आमच्या बीबी गावात उठली ती पौषातल्या एका सकाळी. दुपारच्या भाकरीपर्यंत ती वेशीला वळसा घालून परत आली, आणि येताना अंगावर दागिने घालून आली. निघाली तेव्हा तिच्यात नुसता मध आणि तूप होतं. परतली तेव्हा धोतऱ्याचं बी होतं, दुसऱ्या लग्नाचा बेत होता आणि मेहकरची कुणी एक बाईसुद्धा होती.

तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगतो, यातलं काहीएक खरं नव्हतं. तूप नव्हतं, धोतरा नव्हता. आणि मेहकरची बाई असती तर ती सगळ्यात आधी मला कळली असती. कडूबाच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीला कान आहेत ते माझे.

बातमीची मालकीण मंजुळाबाई. तिचं घर कडूबाच्या दुसऱ्या अंगाला. त्या सकाळी ती आमच्या ओट्यावर बसून आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या बायकोला, सांगत होती, कुजबुजत, म्हणजे तीन घरांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

"मी माह्या डोयानं पाह्यलं व माय! पाट्यावर पांढरं पांढरं काही वाटून राह्यला होता. मंग थे मधात कालवलं. मध कसा असते? लाल. याच्या गाडग्यातला पाह्य, लोन्यावानी पांढरा! तूप नाही तं काय हाय थे? अन् समसमान मध अन् तूप म्हंजे काय असते, सांगू काय तुले?"

सांगायची गरज नव्हती. मध आणि तूप सारख्या वजनानं एकत्र केलं की विष होतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

"अन् सुभद्रीचे हात काऊन थरथरते मंग?" मंजुळाबाईनं शेवटचा खिळा ठोकला. "दोन वर्सं झाले. उगीच थरथरते काय?"

आता कडूबाविषयी. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला कुणाची नजर लागू नये असं कडू नाव ठेवलं. नाव कडू आणि धंदा मधाचा. या एका गोष्टीवर मी आयुष्यभर विनोद केले आणि तो आयुष्यभर हसला नाही. तरुणपणी झाडावरची मोहोळं काढायचा. पुढे कुणी सांगितलं, की वर्ध्याला पेटीत माश्या पाळायला शिकवतात. गेला, शिकला आणि दोन रिकाम्या पेट्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून आला. पेट्या रिकाम्या आहेत हे तो सांगत होता, पण कुणी विश्वास ठेवेना, आणि मेहकरपासून त्याला एकट्याला पूर्ण बाक मिळाला. दोनाच्या पुढे सात झाल्या. त्याच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली त्या ओळीनं ठेवलेल्या असत. माश्यांशी तो हळू आवाजात बोलायचा. मी जवळ गेलो की त्या माझ्याच मागे लागायच्या. "तू गप्प ऱ्हाय, त्या चावत नाही," असं त्याचं म्हणणं. म्हणजे मला आयुष्यभर चावून घ्यावं लागणार होतं.

सुभद्राबाई त्याच्या उलट. अंगानं काडी, जिभेनं सुरी. तिच्या हातची भाकरी अशी गोल, की चांदोबानं येऊन माप घ्यावं. संध्याकाळी भाकरीवर मध घेऊन ती चुलीपुढे बसून खायची. लग्न होऊन आली त्या वर्षी कडूबानं मोहोळ काढून आणलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. मग तिच्या हातांना कंप सुटला. मेहकरच्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरनं हात पाहिले, जीभ पाहिली, एक बाटली दिली. बाटली संपली, कंप काही संपला नाही. भाकऱ्या कडूबा थापू लागला. त्याची भाकरी गोल सोडून बाकी कोणत्याही आकाराची व्हायची.

एके दिवशी मध तिच्या भाकरीवरून मनगटावर आला, मनगटावरून कोपरापर्यंत, आणि तिथून नव्या लुगड्यावर. तिनं भाकरी खाली ठेवली, उठून हात धुतले, आणि त्या दिवसापासून मधाला आपणहून शिवली नाही. जेवायची तीही भिंतीकडे तोंड करून, नवऱ्यालाही पाठमोरी. कडूबानं एकदा घास करून पुढे धरला, तर काय म्हणाली ते भिंतीपलीकडे मला स्वच्छ ऐकू आलं.

"मी काय चिमनीचं पिल्लू हाय? मले कोनी चारायचं नाही. सांगून ठेवते."

आमच्या घरी भोगीला सवाष्ण जेवू घालतात, आणि ती सवाष्ण दरवर्षी सुभद्राबाईच. पण दोन भोग्या तिनं चुकवल्या. एकदा डोकं दुखत होतं, एकदा माहेरून कुणी येणार होतं. माहेरचं कुणी आलं नाही. आमच्या घरच्यांना खरं कारण कळत होतं. चार बायकांच्या पंगतीत हात हलणार, कढी सांडणार, बायका बघणार आणि न बघितल्यासारखं करणार. हे शेवटचं सगळ्यात वाईट. "यंदा बोलावते," घरचे म्हणाले. "यंदाही नाही आली तं मंग नाही बोलवत. तिले दरसाल खोटं बोलाले लावनं बरं नाही."

हे मी कडूबाला सांगितलं.  त्या रात्रीपासून त्याच्या घरातून खुडबुडीचे आवाज येऊ लागले.

म्हणून मंजुळाबाईची बातमी आली, तेव्हा मी सरळ त्याच्या अंगणात गेलो. महाराज पाट्यापुढे बसलेले. पाट्यावर खरंच पांढरट गोळा.

"काय बे कडूबा, विष वाटून राह्यला म्हंते?"

"हाव," तो म्हणाला. "चाखतं काय?"

मी बोट लावलं. मध होता. नुसता मध, पण वाळूसारखा खरखरीत.

"साखर?" मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली. लढाईचे दिवस, साखर कंट्रोलात, आम्ही चहा गुळाचा पितो, आणि हा गडी साखर मधात घालणार!

"थंडीत मध बसते बे. दाने धरते. लोकं म्हनते भेसळ केली." त्यानं वरवंटा खाली ठेवला. मग हळूहळू, त्याच्या माश्यांशी बोलतो तशा आवाजात, त्यानं सगळं सांगितलं.

थिजलेला मध सांडत नाही, हे त्याच्या डोक्यात आलं होतं. गाडग्याच्या बुडाशी बसलेला मध त्यानं खरवडून भाकरीवर ठेवला आणि बायकोपुढे केला. हात हलला तशी त्याची ढेकळं भाकरीवरून उड्या मारू लागली. तोंडात गेला तो तुकडा चावून सुभद्राबाई म्हणाली, "हे काय, नदीची रेती आनली काय?"

"तसाच बसते तो," कडूबा म्हणाला.

"दूध तसंच ठेवलं तं दही बसते काय? नासते. विरजन लावा लागते. एवढं बी समजत नाही काय तुम्हाले?"

ती टोमणा मारून निघून गेली. हा तिथंच बसून राहिला. मधाला विरजण! दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता, पण कडूबाला हसता येत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. त्यानं रेतीसारखा मध पाट्यावर घेतला आणि जिभेला एकही कण लागणार नाही इतका वाटला. हे झालं विरजण. ते थोडंसं, पातळ मधाच्या गाडग्यात घातलं आणि लाकडी डावानं सावकाश ढवळलं, फेस येऊ न देता.

आणि मग काय केलं असेल? आमच्याकडे विरजण लावलेलं भांडं थंडीत जिथं ठेवतात, तिथंच ठेवलं. घोंगडीत गुंडाळून, चुलीच्या उबेला.

"मंग?"

"मंग काय. चार दिवस रोज उघडून पाहो. पानी! पयल्यापेक्षा पातळ!"

मी इतका हसलो, की सुभद्राबाई दारात येऊन बघून गेली. मधाला घोंगडी पांघरून निजवणारा बीबीत हा एकटाच. पण वाकून बघितलं तर त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता, म्हणून मी आवरतं घेतलं.

मार्ग दाखवला तो डावानं. ढवळलेला डाव तो बाहेर ओट्यावर विसरला होता. सकाळी पाहतो तर डावाला लागलेला मध बसलेला. पांढुरका, गुळगुळीत, बोटानं ओढला तर लोण्यासारखा येणारा. चुलीपाशी मायेनं निजवलेलं गाडगं पातळ, आणि थंडीत उघडा टाकलेल्या डावावरचा मध झकास बसलेला! दह्याला ऊब लागते, याला गारठा लागत होता.

"उलट्या काळजाचं विरजन हाय बे तुह्यं," मी म्हणालो.

"माह्या नावावर गेलं," तो म्हणाला. आयुष्यात केलेला हा त्याचा पहिला विनोद. मी तो जपून ठेवला आहे.

आता त्याची नवी खेप चालली होती. रात्रभर गाडगं धाब्यावर, घराच्या मातीच्या छपरावर, उघड्या थंडीत, दिवसा रांजणाखालच्या ओल्या वाळूत, वरून भिजलेलं पोतं. सकाळ-संध्याकाळ डाव फिरवायचा.

"भोगीपर्यंत बसला पायजे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा वरवंटा धरला. "तिचं तोंड भिताडाकडे असते बे वामन्या. जेवताना. मी इकडे, थे तिकडे. दोन वर्सं मी तिची पाठ पाहून जेवतो."

मी मधाचं बोट धोतराला पुसलं आणि उठलो.

बाहेर येऊन मी गावाला खरं सांगितलं. तूप नाही, विष नाही, मधाला विरजण लावलं आहे. लोक पोट धरधरून हसले. म्हणाले, वामनरावांचं काही सांगता येत नाही, आता मधाचं ताकही करतील. इतकी वर्षं थापा मारल्याचा हा फायदा. मी खरं बोललो आणि मंजुळाबाईची बातमी आणखी पक्की झाली.

भोगीच्या आदल्या दिवशी आमच्या घरचे कुंकवाचा करंडा घेऊन शेजारी गेले. मी भिंतीला टेकून बसलो होतो, सहजच.

"सुभद्राबाई, उद्या जेवाले या. सवाष्न तुम्हीच."

 मग गाडग्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि कडूबाचा. "पाह्य तं."

बांगड्या किणकिणल्या. मग सुभद्राबाई म्हणाली, "उद्या पाहू." एवढंच. पण डोकं दुखतं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. कुंकू किंचित वाकडं होतं, म्हणजे ते तिनं स्वतः लावलं होतं. दोन पावलं मागे कडूबा, दोन्ही हातांत गाडगं धरून, जसा काही देव आणतो आहे. ते गाडगं आमच्या घरच्यांच्या हवाली करून तो बाहेर माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. बसला म्हणजे नुसता टेकला. नजर दारातून आत.

आत बायकांच्या माना सुभद्राबाईकडे वळल्या. मंजुळाबाई कोपऱ्यात होतीच. पाटावर सुभद्राबाई, पुढे ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी. तिनं भाजीकडे पाहिलं नाही. भाकरीचा मोठा तुकडा मोडला. मोडताना हात हलला आणि बांगड्या वाजल्या. आमच्या घरच्यांनी गाडग्यातून डावभर मध काढून त्या तुकड्यावर ठेवला. पांढरा, मऊ, ओघळाचं नाव नाही.

"खाऊ नको व सुभद्रे!" मंजुळाबाईला राहवलं नाही. "तूप हाय त्यात!"

सुभद्राबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात उचलला. हात असा थरथरत होता, की भाकरीवरचे तीळ ताटात पडत होते.  तुकडा अर्ध्यावर आला, डुगडुगला, थांबला, पुन्हा निघाला. मध जिथं होता तिथंच, जागचा हलला नाही. घास तोंडात गेला.

तिनं सावकाश चावला. मग डावीकडे मान वळवून आपलं कोपर पाहिलं. कोरडं होतं. लुगडं पाहिलं. तेही कोरडं. तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून वाढा न व," ती म्हणाली. "हात काऊन आखडता तुमचा?"

बायका हसल्या. चांगलं हसल्या, बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून. आणि सुभद्राबाई चौघींकडे तोंड करून पोटभर जेवली.

मंजुळाबाईला मात्र हे पाहवेना. ती ताडकन बाहेर ओट्यावर आली आणि कडूबाच्या पुढ्यात उभी राहिली.

"कडूबा, देवाची भीती नाही तं मानसाची तरी धर! भोगीच्या दिवशी, सवाष्न बाई हाय थे, तिले चारचौघात विष चारतं?"

कडूबानं दारातून आत एकदा पाहिलं, आणि म्हणाला,

"मी कुठी चारतो हो मंजुळाबाई? घरची आपल्या हातानं खाऊन राह्यली."