तीन सुरांची जागा

मी चौथीच्या वर्गाला त्रैराशिक घालत होतो, तेव्हा शंकर शिंपी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. गळ्यात मापाची पट्टी तशीच लोंबत होती, म्हणजे दुकानातून उठून तडक आला असणार. "गुरुजी, कासमभाई वारनात. सकायले," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणालो आणि फळ्याकडे वळून उदाहरण पुरं करायला लागलो. थोड्या वेळानं पाहतो तर एकच आकडा तीन ओळींत लिहून ठेवलेला. मग मी खडू ठेवला आणि शाळा सोडून दिली. दुपारी कासमभाईंचं दफन झालं. मीही मूठभर माती दिली आणि मान खाली घालून परत आलो. हिवतापानं नेलं त्यांना. आमच्या तालुक्यात तो दरवर्षी येतो आणि कुणाला ना कुणाला घेऊनच जातो. त्या माणसाशी मी तीन वर्षं धड बोललो नव्हतो, आणि आता बोलायची सोय राहिली नव्हती... या गोष्टीला दोन महिने होत आले, तरी मनातून जाईल तर शपथ. म्हणून हा लेख.

कासमभाई आमच्या तळोद्याचे खरादी. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत खराद. खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे, जे गोल असेल ते सगळं त्यांच्या हातचं. त्यांची नि अलगुजाची गाठ पडली ती एका गोऱ्या पाद्र्याच्या मडमेमुळे. तिच्याजवळ लहानमोठी चार लाकडी अलगुजं होती, आपल्या पाव्यासारखी तोंडाशी सरळ धरून फुंकायची. बैलगाडीच्या हादऱ्यात त्यातलं एक तडकलं, ते सांधायला ती कासमभाईंकडे आली. त्यांनी सांधून दिलं आणि मजुरी न घेता म्हणाले, मले वाजाडानं शिकाडा. बाईनं एक अख्खा उन्हाळा शिकवलं. तिच्या मुलुखातल्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या चाली, चौघांनी मिळून वाजवायच्या, पण चौघांनी चार वेगळ्या तऱ्हेनं. पुढे ती मायदेशी गेली, अलगुजंही घेऊन गेली. कासमभाईंनी मात्र तोवर माप घेऊन ठेवलं होतं. शिसवीची तशीच चार त्यांनी खरादीवर उतरवली. चांगली साधायला दोन वर्षं लागली, आणि वाया गेलेल्या नळ्या त्यांची बायको, आमची भाभी, चुलीत घालत असे.

मग त्यांना वाजवणारे हवे झाले. शुक्रवारी नमाजानंतर ते खरादीला दोर लावत नसत. त्या दिवशी, पाचच्या सुमाराला, वर्ग. वर्ग म्हणजे आम्ही तिघं. शंकर शिंपी, जो भजनात टाळसुद्धा उलटा धरायचा. दित्या पावरा, डोंगरातून लाकूडतोडीच्या कामाला खाली उतरलेला, बोलणं जेमतेम पण श्वास असा की वाटावं याला दम घ्यावाच लागत नाही. आणि मी. मला लहानपणापासून गाण्याचं वेड, पण धुळ्याच्या एका बुवांनी दोन महिन्यांत "तू पाढेच शिकव" म्हणून घरी पाठवलेलं. कासमभाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी पहिल्याच दिवशी ते हातभर लांब, सगळ्यांत मोठं अलगुज माझ्या मांडीवर ठेवलं. "गुरुजी, तुम्ही पोऱ्यास्ले पाढा शिकाडतस. मोजानं काम तुम्हलेच जमी."

काय वाजवायचं त्याच्यावर? तीन सूर. फक्त तीन. एक लांब धरायचा, चार मोजायचे, दुसरा धरायचा, पुन्हा चार, मग तिसरा आणि परत पहिला. बाईनं कागदावर मांडलेले सुरांचे ठिपके कासमभाईंना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी प्रत्येकाला एकेक फळी करून दिली होती. फळीवर अलगुजाची भोकं काढलेली, झाकायचं ते काजळानं काळं, उघडायचं ते गेरूनं लाल. शंकरची फळी भरगच्च, दित्याची वळणावळणाची, आणि माझी पाहिली तर पाटीवर पोरानं रेघोट्या ओढाव्यात तशी. चाल वाजवायची ती स्वतः कासमभाईंनी, सगळ्यांत लहान अलगुजावर. मी घरी सराव करायला बसलो की बायको आतून विचारायची, "म्हैस कधी बांधलीत हो दारात?" मला राग यायचा. तिचा नाही, त्या तीन सुरांचा.

वर्गाची रीत अशी. अर्धा तास कुणी अलगुज तोंडाला लावायचं नाही. नुसतं बसून मोजायचं, तेही मनात. कासमभाई खरादीच्या पाटावर लाकडाच्या तुकड्यानं ठोका द्यायचे आणि मधेच ठोका बंद करायचे. बऱ्याच वेळानं पुन्हा एक ठोका, आणि त्या ठोक्यावर आमचा आकडा बरोबर आला पाहिजे. शंकरचा कधीच यायचा नाही. दित्याला आकडे वीसच्या पुढे येत नव्हते, तरी तो बरोबर तिथंच मान हलवायचा. चुकलं तर कासमभाई रागवत नसत, "चाला, पह्यलंपाईन" म्हणत. असं पह्यलंपाईन आम्ही पाच वर्षं केलं. आणि अधूनमधून, महिन्यातून एखाद्या शुक्रवारी, चौघांचं असं काही जमायचं की पडवीचा पत्रा बारीक थरथरायचा... त्या वेळी सुखानं माझे कान गरम व्हायचे. पण वाजवून झालं की मनात पुन्हा तेच, की चाल तर त्यांनी वाजवली, आपण काय केलं? एकदा मी हे बोलूनही दाखवलं. ते भुसा झाडत होते. म्हणाले, "चाल मी वाजाडस ते तुम्ही खाले शेतस म्हनीसन. नही ते मी कसावर उभा ऱ्हाऊ?" मी हसण्यावारी नेलं. मला वाटलं, मन राखायला बोलतायत.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत त्यांचं खेळण्यांचं दुकान लागायचं. त्या वर्षी त्यांनी आम्हा तिघांनाही गाडीत घातलं, म्हणाले, एक दिवस लोकांत बसून वाजवू. शंकरनं चौघांना सारखे सदरे शिवले, दित्याचा खांद्यात तंग झाला. उन्हं कलल्यावर दुकानापुढे घोंगडी टाकून आम्ही बसलो. घोडेवाले थांबले, बायाबापड्या थांबल्या, आणि त्या गर्दीत मला आमच्या शाळा तपासणारे डिपोटी दिसले, हातात छडी, शेजारी दोन मास्तर. हे साहेब बघणार काय, तर मास्तर एवढं मोठं लाकूड तोंडात धरून म्हशीसारखा हंबरतोय आणि चाल वाजवतोय एक खरादी. लाज वाटली मला. लिहायलाही लाज वाटते, पण लिहायलाच बसलोय तर झाकून काय उपयोग? पाच वर्षं ऐकून ऐकून ती चाल मला तोंडपाठ होती. दुसऱ्या फेरीला मी माझे तीन सूर सोडले आणि मोठ्या अलगुजावर सरळ चालच वाजवायला लागलो.

माझं ऐकून शंकर गोंधळला आणि तोही चालीवर आला. दित्या थोडा वेळ एकटा आपल्या वाटेनं गेला, मग थांबला. मी आणि शंकर, दोघं एकच चाल, जोरजोरात. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! फेटे उडवले! आपल्या लोकांना चाल ओळखीची झाली की आनंद होतो, त्यात त्यांची काय चूक. डिपोटीसाहेबांनी जवळ येऊन माझी पाठ थोपटली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा कासमभाईंनी लहान अलगुज फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं आणि ते एका पोरीला भोवरा फिरवून दाखवत होते.

परतताना गाडीत मीच विषय काढला. "लोकांना आवडलं की नाही?" ते म्हणाले, "आवडनं. खोटं कसाले बोलू? पन मी वर चढनू नि खाले कोनीच नही व्हतं, गुरुजी." तेवढ्यावर मी "माझं चुकलं" म्हणालो असतो तर संपलं असतं. मी म्हणालो, "तुम्हाला चाल वाटून घ्यायची नाही, एवढंच म्हणा ना." पुढच्या शुक्रवारी मी गेलो नाही. वाटलं, बोलावणं येईल. त्यांना वाटलं असेल, येतील आपले आपण. ते हट्टी होते, मीही काही कमी नव्हतो. बाजारात समोरासमोर आलो तर "बरं शे ना गुरुजी?" "बरं आहे," आणि दोघं आपापल्या वाटेनं. मोठं अलगुज माझ्याच घरी राहिलं होतं. ते मी दिवाणावरच्या गाद्यांमागे सारून दिलं. वर्ग चालू होता असं कानावर यायचं. लोणखेड्याच्या कुणा पाटलाला चौथा म्हणून बसवून पाहिलं, तो दोन शुक्रवारांत कंटाळला. मग ते तिघंच वाजवत. तीन वर्षं... एका फर्लांगावर राहत होतो हो आम्ही! संध्याकाळी वारा तिकडून असला तर ऐकूही यायचं. मी खिडकी लावून घ्यायचो.

त्यांचा चाळिसावा दिवस झाला आणि नंतरच्या शुक्रवारी शंकर मला बोलवायला आला. त्याच्या बायकोनं आत जाऊन भाभीला विचारलं होतं, पडवीत बसलं तर चालेल का. भाभी इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येणार नव्हती. तिनं निरोप दिला होता, "बैठो ना. खराद भी सूना पडा है." मी मोठं अलगुज काढलं, पुसलं, आणि ते धोतराच्या सोग्यात धरून निघालो. पडवीत भुशाचा वास तसाच. दित्या डोंगरातून पायी आला होता. शंकरनं फडक्यातलं लहान अलगुज काढून माझ्यापुढे केलं. "गुरुजी, आते चाल तुम्ही वाजाडा. तुम्हलेच येस."

जे मला पाच वर्षं हवं होतं ते हे. हातात घेतलंही मी. किती हलकं होतं ते... मग परत फडक्यात ठेवलं आणि म्हणालो, "नको. मी खालीच बसतो." शंकर म्हणाला, "मंग चाल कोन वाजाडी?" मी म्हणालो, "कुणीच नको. आपण आपलं आपलं वाजवू." अर्धा तास आम्ही मनात मोजलं, ठोका द्यायला कुणी नव्हतं तरी मोजलं. मग सुरू केलं. माझा श्वास पुरेना, पहिला सूर फाटला. दुसऱ्या फेरीला बसलं जरा. आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की कासमभाई कुठं उभे राहायचे. आम्ही तिघं वाजवत होतो आणि वरची सगळी जागा मोकळी, जेवढी त्यांची तेवढीच, ना कमी ना जास्त. दित्याचे डोळे भरून आले होते, पण तो थांबला नाही.

तिसऱ्या फेरीला आतल्या दाराच्या पडद्यामागून बारीक आवाज आला. भाभी तांदूळ निवडत असावी, सुपाचा आवाज मधेमधे येत होता. आठ वर्षं दर शुक्रवारी तिनं ती चाल भिंतीपलीकडून ऐकलेली. ती गुणगुणत होती, शब्द नव्हतेच त्या चालीला, नुसतं ओठ मिटून. तिला कळत होतं की नाही कोण जाणे. शंकर चपापून वाजवायचा थांबणार होता, मी डोळ्यांनीच त्याला दटावलं. आवाज वर चढला, जिथं कासमभाई चढायचे तिथंच, आणि तिथं किंचित कापला. मला रडू येत होतं आणि रडलो तर श्वास तुटला असता. मी मोजत राहिलो. एक, दोन, तीन, चार. तिचं संपेपर्यंत मी माझा सूर सोडला नाही.