वरची रेघ न उमटलेला अर्ज

मिल बंद झाली तेव्हा हे लूम खात्यात फिटर होते. वर्षभर रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन यायचे, मग तेही सोडलं. मला टायपिंग येत होतं, म्हणून आम्ही एक जुना कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेतला. मल्हारगंजच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी अर्ज, बायोडेटा टाइप करून द्यायला लागले. येणारे बहुतेक मिलचेच.

त्या दुपारी यांच्या खात्यातले एक जॉबर, म्हणजे मुकादम, आले. एका शाळेत चपराशाची जागा निघाली होती, अर्ज पाचच्या आत पोचवायचा होता. मी छापला आणि बघते तर एकाही अक्षराला वरची रेघ नाही. आधार सुटल्यासारखी नुसती लोंबकळणारी अक्षरं.

रिबन बदलली. केबल काढून परत लावली. मशीन बंद करून चालू केलं. तेच. समोरच्या पीसीओवरून मेकॅनिकला फोन केला.

“मॅडम, हेड की पिन गई. नया हेड लगेगा. परसों आता हूँ.”

घरी येऊन मी यांना म्हटलं, “अहो, जरा बघता का?”

“मला काय कळतं त्यातलं?” भिंतीकडे तोंड करून हे पडून राहिले.

शेवटी जॉबरच आत गेले. “भिया, किती बिघडलेले लूम चालू केले आपण! एक बार देख तो लो.”

हे उठले. प्रिंटरचं छापणारं हेड सोडवून चष्म्याजवळ धरलं. “तुटली नाही. वरची पिन अडकलीय, रेघ तीच मारते. शाई नि धूळ बसलीय.”

वाटीत थोडं स्पिरिट ओतून त्यांनी हेडचं टोक बुडवून ठेवलं. मग मलमलीनं पुसून, वाळवून परत बसवलं. रेघ आली, पण फिकी, मधेमधे तुटलेली. यांना आणखी एकदा करून बघायचं होतं.

“राहू दे भिया, वाचता येतंय ना? बस,” म्हणत जॉबर सायकलवर निघाले.

ती जागा त्यांना मिळाली नाही. आठवी पास मागितला होता, रांगेत बी.ए. झालेले उभे होते.

पिन पुढे दर आठ-दहा दिवसांनी अडकायची. मी सांगायच्या आधीच हे उठायचे, हेड स्पिरिटमध्ये ठेवायचे. तेवढ्या वेळात मी खुर्चीतच डोळे मिटून घ्यायची.