सुनंदाची तक्रार अजून उघडी आहे

सुनंदा गेल्याची बातमी आली तेव्हा नाशिकचा एक ग्राहक रिचार्ज झाला नाही म्हणून माझ्या कानात ओरडत होता. टीम लीडर सर शेजारी येऊन उभे राहिले. मी हेडफोन काढू लागले, तर म्हणाले, "कॉल पूर्ण करा, मग सांगतो." मी त्या माणसाची माफी मागितली, आणखी काही मदत हवी आहे का, असंही विचारलं... मग सरांनी सांगितलं. त्याला आता दीड महिना होत आला.

मी निलंग्याकडची, घरातली पहिली पदवीधर. सुनंदा लोहा तालुक्यातली, लातूरच्या आमच्या कॉल सेंटरमध्ये मला सीनियर. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून सारखं 'हाव' निघायचं आणि सर सगळ्यांसमोर माझ्याकडून 'होय' घोकून घ्यायचे. जेवताना सुनंदा म्हणाली, "हाव म्हन की खुशाल, पन आवाज बंद करायचं बटन दाबून." ती होती म्हणून मी टिकले, म्हणून घरी पहिला पगार नेला. हे ऋण मी विसरणार नाही.

मग यंदाचा दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ऑफिसातल्या बायकांच्या संडासाला कुलूप लागलं. पुरुष मागच्या मोकळ्या प्लॉटवर जायचे. आम्ही पाणी पिणंच सोडलं. उदगीरची एक मुलगी कौतुकानं म्हणाली, "आमचा नवा जिल्हा झाला की तिथंबी असलंच ऑफिस निघंल." सुनंदा म्हणाली, "आधी जिल्ह्याला संडास मागून घे, बाई." तिनं सरांना विचारलंही, बायांनी जायचं कुठं? सर म्हणाले, "शहराला प्यायला पाणी नाही, मॅडम, आणि तुम्हाला ओतायला पाहिजे? घरून जाऊन येत जा."

तेव्हा तिनं जे केलं ते फक्त कॉल सेंटरच्या मुलीलाच सुचलं असतं. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून तिनं स्वतःच्या मोबाइलवरून आमच्याच ग्राहक सेवेचा नंबर लावला. योगायोगानं तो कॉल माझ्याकडे आला. "मॅडम, तुमच्या लातूरच्या ऑफिसात बायांच्या संडासाला कुलूप हाय. तक्रार नोंदवून घ्या." आवाज ओळखला, पण प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, त्यामुळे दोघींनाही हसता येईना. मी "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हणत तक्रार नोंदवली. आमच्याकडे नियम असा, की ग्राहक स्वतः 'समाधान झालं' म्हणेपर्यंत तक्रार बंद होत नाही. सरांनी तिला बोलावलं. "समाधान झालं म्हणा, नाहीतर पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही."

"कुलूप काढा, लगीच म्हनते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक म्हंजी राजा, तुमीच शिकविलंय. आज गिऱ्हाईक मी हाय."

कुलूप निघालं नाही. तिला जळजळ सुरू झाली, मग ताप. रजा घेतली तर कॉन्ट्रॅक्ट न वाढवायला तेच निमित्त होईल म्हणून गोळ्या खाऊन ती कामावर येत राहिली. संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत गेला. दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा तिचा चेहरा सुजला होता. म्हणाली, "गंमत बघ... हितं संडास उघडा हाय, तर आता लघवीच येईना." ती हसली. तीच आमची शेवटची भेट.

नंतर पाऊस झाला, नळ आले. कुलूप तसंच आहे.

गेल्या रविवारी मी तिच्या गावी गेले. तिची माय अंगणात बसली होती, मांडीवर सुनंदाचा साधा मोबाइल. दुपारी तो वाजला. मायनं मला गप्प बसायची खूण केली आणि स्पीकर लावला. कंपनीचं मशीन होतं. उघड्या तक्रारींच्या ग्राहकांना ते रोज फोन करतं. "नमस्कार. आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे का? झालं असल्यास एक दाबा." आवाज सुनंदाचा होता. कॉलवर स्वच्छ, शुद्ध बोलते म्हणून कंपनीनं तिचाच आवाज मशीनसाठी भरून घेतला होता...

"एक दाबलं की फोन यायचा बंद होतो म्हनं," माय म्हणाली. तिनं मोबाइल माझ्यापासून जरा लांब धरला. आतून सुनंदा म्हणाली, "आम्ही उद्या पुन्हा संपर्क करू."

"कर, बाई," माय म्हणाली. "मी घरीच हाय."