आबांनी मोजलेली माझ्या मेंदूतली गळती

माझ्या मेंदूला गळती लागली आहे, ही बातमी सापगावात सगळ्यांना माझ्याआधी कळली. मी तेव्हा आतल्या खोलीत डोक्याला ओढणी करकचून बांधून पडले होते. अर्धशिशी ही माझी कॉलेजपासूनची सोबतीण!

एमआरआय कल्याणला झाला होता. त्याची फिल्म आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओटीवर नेऊन उन्हाला धरली. आबांची उभी नोकरी भातसानगरला धरणावर गेली. रोज सकाळी धरणाच्या पोटात उतरायचं, भिंतीतून कुठे किती पाणी पाझरतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. अशा माणसाच्या हातात काळी फिल्म आणि तिच्यावर पांढरे ठिपके! दुसरं काय होणार?

"गळती हाय!" आबा ओरडले. "एक, दोन, तीन... चार जागी!"

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगो बया! आता पोरीचं कसं व्हायचं?"

"घाबरू नको गो. थोडं पानी सगल्याच धरणात पाझरतं. वाढतंय का, तेवढं बघायचं."

शेजारच्या काकूंनी सगळं ऐकलं (शेवटचं वाक्य सोडून). संध्याकाळी ओटीवर बायकांची ही रांग! एकीनं नारळ आणला. दुसरी माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "केवढी हुशार होती गो!" होती!

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही किन्हवलीच्या शाळेत विज्ञान शिकवता, रिपोर्ट वाचायचा ना! वाचला की. पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीपर्यंत वाचला आणि पाकीट गादीखाली सारलं. पुढचं वाचायची छातीच झाली नाही. मोरीत जाऊन रडले. आपण आता मरणार, असंच वाटत होतं.

आबांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून माझी वही सुरू केली. सकाळी सहाला माझ्या खाटेशी हजर.

"दुखतंय?"

"नाय."

"काल दुपारी जेवलीस?"

"आबा, मी काय धरण हाय?"

"विचारलं तेवढं सांग!"

मग शेऱ्याच्या रकान्यात नोंद व्हायची : 'नुसत्या चहावर राहिली. तीनला दुखू लागलं. आईवर ओरडली.'

पंधरा दिवसांनी शहापूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट वाचला. "काळजीचं काही नाही. अर्धशिशीवाल्यांच्या स्कॅनमध्ये असे ठिपके पुष्कळदा दिसतात. शेवटच्या ओळीत लिहिलंय की! वाचलं नाहीत?"

मी पंख्याकडे बघत बसले. आई तिथेच रडायला लागली. आबांनी हळूच वही पुढे सरकवली. डॉक्टर पानामागून पान वाचत गेले.

"कुणी लिहिली ही? उपाशी राहिल्या की दुखतं, हे इथे स्पष्ट दिसतंय. मला स्कॅनपेक्षा हीच कामाची!"

साहेबांनी शाबासकी दिल्यासारखे आबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी सहाला जाग येते, आणि "दुखतंय?" विचारायला कुणी नसतं. फार आठवण येते. वही आता मीच लिहिते. शाळेच्या गडबडीत डबा तसाच परत येतो, पण आबांच्या वहीत तसं लिहायची लाज वाटते. म्हणून रोज लिहिते, 'वेळेवर जेवले.'

परवा डॉक्टरांनी वही चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इतकं वेळच्या वेळी जेवूनही दुखतंय? बाई, मग पुन्हा एकदा स्कॅन करावा लागेल!"